थर तोच, खालचा सबस्ट्रेट (थर ज्यावर बसवतात तो आधार) बदलला की ट्रान्झिशन (पदार्थ अवस्था बदलतो ते तापमान) बदलतं, मग नुसता आकडा का सांगता?

सातरस्ता: परवा सेमिनारला एक स्लाइड बघितली, नायोबियम डायसेलेनाइड, मोनोलेयर (म्हणजे एकच थर), चार्ज डेन्सिटी वेव्ह (इलेक्ट्रॉनची दाटी लाटेसारखी कमीजास्त होते ती अवस्था) 145 केल्विन, बास. कशावर ठेवलेला ते कुठंच नाही. अहो बल्कमध्ये, म्हणजे जाड स्फटिकात, हे 33 ला होतं, 2015 ला टेपने स्फटिकावरून सोललेल्या मोनोलेयरवर रामनमध्ये (विखुरलेल्या लेसर प्रकाशावरून मोजतात ते) 145 आलं, आणि त्याच सुमारास ग्राफीनवर (कार्बनच्या एका थरावर) वाढवलेला मोनोलेयर एसटीएमखाली (सुईच्या टोकाने अणू दाखवणारा मायक्रोस्कोप) बघितला तर परत बल्कच्याच आसपास. आयर्न सेलेनाइडचं तर त्याहून भारी आहे. बल्क 8 केल्विनला सुपरकंडक्टिंग (वीज विनारोध वाहते), 2012 ला चीनच्या श्वे चीखुन यांच्या ग्रुपने एकच थर स्ट्रॉन्शियम टायटनेटवर वाढवला आणि एवढी मोठी गॅप (सुपरकंडक्टिंगची खूण असलेली, इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेतली फट) दिसली की पुढे ती 65 च्या आसपासपर्यंत टिकते असं मोजलं गेलं. तोच थर ग्राफीनवर घ्या, 2 केल्विनपर्यंत काही नाही! एवढ्या पातळ थरात सबस्ट्रेट म्हणजे सँपलचाच भाग, त्याचं नाव नसेल तर आकडा अर्धवट आहे.

कंबरतलाव: सगळं श्रेय सबस्ट्रेटला देऊ नका ओ. टायटनेट काय करतं, इलेक्ट्रॉन देतं. तेच इलेक्ट्रॉन पोटॅशियम टाकून द्या, नाहीतर थरांच्या मधे लिथियम-आयर्न हायड्रॉक्साइड घुसवा, सबस्ट्रेटशिवाय 40 च्या घरात जाताच की. आणि तुमच्या 145 आणि 33 मधे मोजायची पद्धतच वेगळी आहे, रामन वेगळं एसटीएम वेगळं, सँपल एक सोललेलं एक वाढवलेलं, मग फरक नेमका कशाचा हे कसं ठरवणार? एकावेळी एकच गोष्ट बदला, मग बोलू.

नवीपेठ: हवेचं कुणीच बोलंना. टँटलम डायसल्फाइडचं 180 केल्विनचं चार्ज डेन्सिटी वेव्हचंच ट्रान्झिशन पातळ फ्लेकमध्ये (पापुद्र्यात) गायब होतं, लोकं म्हणायची जाडी कमी झाली म्हणून. 2015 ला बोरॉन नायट्राइडमध्ये (हवा लागू न देणारं आवरण) झाकून बघितलं तर राहतंय की, म्हणजे बराचसा दोष ऑक्सिडेशनचा. आपल्याकडं काचेवर जे थर बसवतात ते शेकडो नॅनोमीटरचे, तिथं हा वाद एवढा लागू नाही.

सातरस्ता: @कंबरतलाव, 40 आणि 65 मधलं अंतर कोण भरणार? टायटनेटचे फोनॉन (अणूंची कंपनं) वरच्या इलेक्ट्रॉनशी जोडले जातात याच्या खुणा 2014 ला फोटोएमिशनमध्ये (प्रकाश टाकून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मोजतात ते) दिसल्यात, मुख्य बँडच्या (इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या पट्ट्याच्या) खाली तीच बँड परत उमटलेली. आणि त्याच टायटनेटवर दुसरा थर चढवला की त्या थरात ती गॅप दिसत नाही, एवढा जवळचा खेळ आहे हा. टँटलम डायसल्फाइडवरही 2017 ला मुद्दाम सबस्ट्रेट बदलूनच बघितलं, चार्जपेक्षा पृष्ठभागाचा खडबडीतपणा जास्त नडतो असं निघालं.

कंबरतलाव: मग सबस्ट्रेटचं नुसतं नाव लिहून काय उपयोग, एकाच नावाचे दोन तुकडे सारखे गुळगुळीत असतात का? एएफएमची (पृष्ठभागाचे उंचसखल टिपणारा मायक्रोस्कोप) इमेज आणि आरएमएस आकडा (सरासरी खडबडीतपणा) टाका शेजारी, ते मी मान्य करतो.

सातरस्ता: टाकूच की. पण नावसुद्धा टाका.