छंदापायी ऑनलाइन भेटलेली माणसं – आपापले अनुभव लिहा (सातारा-सांगलीकर या इकडं)

शाहूपुरीची_सोनकी
काल भाचीनं यवतेश्वर घाटातनं एक फोटो पाठवला, "मावशी हे कसलं फूल गं?" आणि मला माझा पहिला फोटो आठवला, म्हणून लिहायला बसले. लग्न होऊन सातारला आले तेव्हा इथं ओळखीचं कुणी नव्हतं. माहेर लातूरकडचं, तिकडं पाऊस पाहुण्यासारखा येतो नि जातो, इथं मात्र जून लागला की चार महिने कपडे वाळत नाहीत. हे कामावर, सासूबाई देवळात, मी गॅलरीत. त्याच सुमारास फेसबुकवर रानफुलं ओळखायचा एक मराठी ग्रुप सापडला. कास पठारावर काढलेला एका बारीक जांभळट फुलाचा फोटो टाकला आणि नुसतं लिहिलं, हे काय आहे?

स्वयंपाक होईस्तोवर उत्तर आलेलं. सांगलीचे एक निवृत्त शिक्षक. "ताई, ही सीतेची आसवं. एवढीशी दिसते पण कीटकभक्षी आहे. हिला जमिनीत बारीक बारीक पिशव्या असतात, ओल्या मातीतले सूक्ष्म जीव त्यात ओढून घेते. जांभ्या खडकावर मातीचा थर पातळ, त्यात पोषण कमी, मग पोट भरायला असला मार्ग." मी ते उत्तर चार वेळा वाचलं असेल.

या ग्रुपात मला कुणी आडनाव विचारलं नाही. मिस्टर काय करतात विचारलं नाही. गुड न्यूज कधी, तेही नाही. विचारलं काय, तर पानं समोरासमोर होती का एकाआड एक, खडकावर होतं का डबक्यात, शेजारी पेन ठेवून फोटो काढलाय का म्हणजे उंची कळेल. त्या वर्षी मला ज्यांनी मनापासून प्रश्न विचारले ती हीच माणसं. २०१२ ला पश्चिम घाट युनेस्कोच्या यादीत गेला, त्यात आपलं कास आहे, हे पण मला तिथंच कळलं. वायतुरा पहिल्यांदा बघितला तो ग्रुपच्या भेटीत. पठारावरच्या डबक्यात उगवतो, त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, अपोनोजेटॉन सातारेन्सिस. त्या दिवशी कळलं की ग्रुपात सगळ्यांच्या चुका काढणारे, मी ज्यांना सर म्हणायचे, ते 'दीपकाडी' म्हणजे बारावीतला पोरगा! मला म्हणतो, "मावशी, पाय जपून, तिथं दवबिंदू आहे." दवबिंदू म्हणजे तसलंच एक कीटकभक्षी रोपटं.

मग २०२१ ला घरातले सगळे एकदम आजारी पडलो. गेटला डब्याची पिशवी अडकवून कोण जायचं, तर ज्यांना मी टोपणनावानंच ओळखत होते ते. पिशवीत चिठ्ठी: "कुळ – खिचडी. प्रजाती – मुगाची. अधिवास – स्टीलचा डबा. गरम असताना आढळते." तापात हसले मी. सासूबाई अजून ती चिठ्ठी दाखवतात आल्यागेल्याला.

तुमचं पण असं काही असंल तर लिहा. छंद कुठलाही चालेल.

कराडी_पेडल
वा ताई. प्रजाती मुगाची 😂😂

कृष्णाकाठ
आमची गच्चीवरची बाग. २०१९ चा ऑगस्ट. सांगलीवाल्यांना पुढं सांगायची गरज नाही पण सातारकरांसाठी सांगतो, आयर्विन पुलापाशी ४५ फूट झालं की धोका, त्या वर्षी ५७ च्या वर गेलं. आमचं घर गावभागात. आई, बायको, पोरं घेऊन विश्रामबागला मेव्हण्याकडं गेलो. परत आलो तर भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर आणि अंगणात चिखल, नुसता चिखल. गच्चीवरच्या कुंड्या वाचल्या पण अंगणातलं सगळं गेलं, आणि खालच्या खोलीत आईचा बियांचा डबा होता तो गेला. आईनं भांड्यांचं, फ्रिजचं काही म्हटलं नाही, डब्याला मात्र रडली. घेवडा तिच्या आईकडचा होता ओ. मी आमच्या बागेच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर चिखलाचा एक फोटो टाकला आणि डब्याचं लिहिलं, मागितलं काही नव्हतं. एसटी परत नीट सुरू झाली आणि पार्सलं यायला लागली. कराड, वाई, कोल्हापूर, पार नाशिक. ओल्या पेपरात गुंडाळलेली कलमं, गवती चहाचे ठोंब, औषधाच्या बाटल्यांत बी, प्रत्येकावर चिठ्ठी, कुणाच्या दारचं आहे ते. वाईच्या एका काकूंनी घेवड्याचेच सहा प्रकार पाठवले, म्हणे यातला एखादा तुमच्या आईचा निघंल. त्यातल्या एकाचं फूल बघून आई म्हणाली हाच. आता तोच हाय का दुसरा देव जाणे, पण दरवर्षी त्याचंच बी धरती आणि चार जणांना वाटती.

जास्वंद७
कृष्णाकाठ दादा डोळ्यात पाणी आलं. आमचं पण दुकान होतं मारुती रोडला, जाऊदे.
बागेचं निघालंच आहे तर विचारते, जास्वंदाला पांढरा मावा झालाय, कापसासारखा, कळ्या गळतात. काय मारू?

कृष्णाकाठ
ताई तो मिलीबग. आधी पाण्याच्या जोराच्या धारेनं धुवा. मग एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि भांड्याचा लिक्विड साबण थोडा, हलवून संध्याकाळी मारा, उन्हात नको. आठवड्यानं परत. आणि मुंग्या बघा, त्याच त्याला इकडून तिकडं नेतात.

जास्वंद७
मुंग्या आहेत!! थँक्यू दादा

विट्याची_लेक
मी विट्याची, पण गेली कैक वर्षं तमिळनाडूत. आमच्याकडं माहितीय ना, विटा-खानापूर-आटपाडीचे गलाईवाले, म्हणजे सोनंचांदी गाळणारे, भारतभर, जिथं सोन्याचांदीची पेठ तिथं आमचा माणूस भट्टीपाशी. तसं आम्ही पण. ह्यांचं दुकान खाली, आम्ही वर. भाषा येईना, टीव्ही कळंना, शेजारीण चांगली होती पण दोघींचं सगळं हातवाऱ्यावर. दुपारी दोन ते पाच खायला उठायचं. आजीनं शिकवलेला क्रोशा तेवढा येत होता, मग त्याचे व्हिडिओ बघता बघता मराठी बायकांचा एक ग्रुप मिळाला, दुपारी सगळ्या व्हिडिओ कॉल लावून नुसत्या विणत बसतात. कुणी बोलतं, कुणी नाही. एकीच्या मागं कुकरची शिट्टी, एकीच्या मागं नातू. आणि मधनंच आवाज येणार, "पाच साखळ्या, एक मुका खांब, अगं खांब नाही मुका खांब म्हणलं मी." दिवसभरात मराठी एवढंच कानावर पडायचं पण पोट भरायचं. मुलीच्या वेळी दिवस गेले तर अख्ख्या ग्रुपनं एकेक चौकोन विणून पाठवला, विट्याला आईकडं जमा झाले आणि आईनं जोडून दुपटं केलं. रंग कुणी कुणाला विचारले नव्हते त्यामुळं लाल शेजारी पोपटी शेजारी गुलाबी. मुलगी आता शाळेत जाते, रात्री तेच लागतं अजून. मागच्या दिवाळीत गावाकडं आले तेव्हा सांगलीत सात-आठ जणी भेटलो, गणपतीच्या देवळात. समोरासमोर काय बोलायचं सुचेना, मग एकीनं पिशवीतनं सुया काढल्या आणि झालं सुरू.

शाहूपुरीची_सोनकी
लाल शेजारी पोपटी, मला दिसलंच ते दुपटं. फोटो टाक ना गं

विट्याची_लेक
टाकते, मुलगी झोपल्यावर. जागेपणी हातातून सोडत नाही

येरळाकाठचा
मी कधी असल्या ठिकाणी लिहीत नाही पण लिहितो. मी बोलताना अडखळतो, लहानपणापासून. शाळेत हजेरीला "हजर" म्हणायचं पण टेन्शन, कारण ह वर अडकायचो. फोन उचलत नाही, दुकानात बोट दाखवून मागतो. पक्ष्यांचा नाद लागला तो गावाजवळच्या तलावामुळं, आम्ही खटाव तालुक्यातले, येरळवाडीला रोहित (फ्लेमिंगो) येतात हिवाळ्यात. मोबाइलनं फोटो काढून ग्रुपवर टाकायचो. टाइप करताना मी अडखळत नाही. तिथं मी लांबलचक लिहायचो, शेकाट्याचे लाल पाय पाण्यात कसे दिसतात, कुठला पक्षी कुठल्या आठवड्यात आला, कुठं गाळ उघडा पडलाय. लोक वाट बघायला लागले माझ्या लिहिण्याची. मग एका रविवारी सगळे तलावावर यायचं ठरलं आणि मी आदल्या रात्री ताप आलाय म्हणून कळवणार होतो, मेसेज टाइप पण केला होता. पण गेलो. सांगलीची एक ताई, साताऱ्यातले दोन काका, कॉलेजची पोरं. पहिलं वाक्य बोलताना अडकलोच, बराच वेळ. कुणी माझं वाक्य पूर्ण केलं नाही. ज्यांना हा त्रास आहे त्यांना कळंल ते किती मोठं आहे. थांबले सगळे, मग काका म्हणाले, "बरं, मग ते गाळावर बसतात कधी?" आणि पक्षी बघताना तसंही कुणी बोलत नाही ओ, हातानं खुणा, हळू आवाज. त्या सकाळी सगळेच माझ्यासारखे होते. आता शाळेच्या पोरांना तलावावर मी माहिती सांगतो. अडखळतो, पण सांगतो.

जास्वंद७
भावा ❤️

कराडी_पेडल
येरळाकाठचा, या हिवाळ्यात येणार तुझ्याकडं, सायकलवर. लोकेशन टाक.

माझं जरा वेगळं. आमचा सायकलचा ग्रुप फुटला. सुरुवातीला लई मजा, पसरणी घाट, सज्जनगड, पहाटे चारला निघायचं, वाटेत कुणाचं पंक्चर झालं तर सगळे थांबायचे. मग महागड्या सायकली आल्या, कोण किती वेगात चढला त्याचे स्क्रीनशॉट, मागं राहिलेल्यांना टोमणे. एका काकांनी बोलून दाखवलं तर त्यांनाच काढलं ग्रुपातनं. मग आम्ही तिघंचौघं पण बाहेर पडलो. म्हणजे ऑनलाइन ग्रुप म्हणजे सगळं गोडच असतं असं नाही. पण ते काका आणि आम्ही अजून जातो, हळू जातो, चहा जास्त सायकल कमी. वडील गेले तेव्हा काका तेराव्यापर्यंत रोज संध्याकाळी घरी येऊन बसायचे. काही बोलायचे नाहीत, आईला विचारायचे जेवलात का.

माहुलीचा_घाट
ग्रुपमध्ये राजकारण आणि गुड मॉर्निंग आलं की संपलं. आमच्या जुन्या नाण्यांच्या ग्रुपात नियमच आहे, नाणं सोडून बोलायचं नाही. सात वर्षं झाली टिकलाय. शिवराई (शिवकाळापासूनचं तांब्याचं नाणं) कुणाला मिळाली की दोन्ही बाजूंचे फोटो आणि वजन टाकायचं, मग अक्षरं वाचायला सगळे तुटून पडतात. मी रात्रपाळीला असतो कंपनीत, पहाटे तीनला ब्रेक, त्या वेळी पण कुणीतरी जागं असतंच नाणं घेऊन.

तरफ_मिरज
उशिरा आलो धाग्यावर. आमचं घर मिरजेत सतारमेकर गल्लीच्या जवळच, पण आमच्या घरात संगीताचा कुणाला गंध नाही. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन सतार शिकायला लागलो आणि शिकणाऱ्यांचा एक ग्रुप झाला, त्यात नागपूरची एक डॉक्टर, नाशिकचे बँकेतले काका, एक जण चक्क कॅनडात. त्यांना कळलं मी मिरजेचा, झालं! माझ्याकडं असं बघायला लागले की मीच वाद्यं बनवतो. मग प्रश्न, भोपळा कुठून येतो रे? मला कुठं माहीत. गल्लीत जाऊन विचारलं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, वर्षभर वाळवतात. जवारी म्हणजे नक्की काय करतात? परत गेलो. कारागीर घोडीवरनं, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवरनं, कानस फिरवतो, एवढीशी, कान लावतो, परत फिरवतो, तासच्या तास. मी जन्मापासून त्या गल्लीतनं जातोय येतोय, आत कधी पाय टाकला नव्हता, तो या परगावच्या दोस्तांसाठी टाकला. २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा ग्रुपमध्ये मलाच अभिनंदनाचे मेसेज 😄 पुढं नाशिकचे काका त्यांच्या आईचा जुना तानपुरा घेऊन आले, रेल्वेनं, मांडीवर धरून. दुरुस्तीला आठवडा लागणार होता तर आमच्याकडंच राहिले. अब्दुल करीम खाँसाहेबांची मजार बघायला दर्ग्यात घेऊन गेलो. आईनं त्यांना रोज वेगळी भाजी केली. आता आई मला सोडून डायरेक्ट त्यांनाच फोन लावते.

विट्याची_लेक
मांडीवर धरून 🥹

पोवईनाक्यावरून
सगळं वाचलं एका दमात. मला मात्र अजून असा ग्रुप मिळाला नाही. रिटायर झालोय, वेळ आहे, फाउंटन पेनं गोळा करतो, घरचे म्हणतात कपाट भरलं. कुणी आहे का यात? दौतीतून शाई भरायचं पेन, जुनं एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं.

माहुलीचा_घाट
काका मी आहे!! नाणी आणि पेनं दोन्ही. माझ्याकडं आजोबांचं आयड्रॉपर (ड्रॉपरनं शाई भरायचं पेन) आहे, जोडापाशी गळतंय. काय करू?

पोवईनाक्यावरून
आटे कोमट पाण्यानं धुवा, गरम पाणी नको, एबोनाइटचा रंग उडतो. पूर्ण वाळवून आट्यांना सिलिकॉन ग्रीस बोटाच्या टोकावर येईल एवढंच लावा. आणि शाई अर्ध्याखाली येऊ देऊ नका, हातात गरम झालं की आतली हवा फुगून शाई ढकलते. माहुलीला कुठं राहता? मी घेऊन येतो ग्रीस.

माहुलीचा_घाट
अहो काका मीच येतो. रविवारी रात्रपाळी नाही. सकाळी दहाला चालंल?

पोवईनाक्यावरून
चालंल. नाश्ता करून येऊ नका.

जास्वंद७
क्रोशावाल्या ताई, मला पण त्या दुपारच्या कॉलमध्ये घ्या ना, फक्त साखळी येते मला. सुई कितीची घेऊ?

विट्याची_लेक
ये की! जाड दोरा आणि साडेतीन-चार मिलीमीटरची सुई घे, सुरुवातीला बारीक नको. हरभट रोडला मिळंल. दोनला लिंक पाठवते, भांडी राहिली असली तरी ये, आमची पण राहिलेलीच असतात.