मदत हवी आहे: रॉयल एनफील्ड इंटरसेप्टर ६५० बाईकसाठी कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि कॉम्प्रेशन

नमस्कार मंडळी. माझ्या ६५० चं इंजिन खोलायला घेतलंय. कंपनीचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ९.५:१ आहे. पुणे-कोल्हापूर हायवे आणि घाट हेच माझं खरं रायडिंग, त्यामुळे ३ ते ६ हजार आरपीएममध्ये खेच हवी. ट्रॅकवर जाणार नाही.

जास्त ड्युरेशनच्या (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणाऱ्या) कॅमला इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, कमी आरपीएमला कॉम्प्रेशन पडतं. म्हणून पिस्टन १०.५:१ कॉम्प्रेशनचे घ्यावेत की थेट ११:१ चे? इंजिन एअर-ऑइल कूल्ड आहे, उन्हाळ्यात घाट चढताना ठोकायला (नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी पेटायला) लागलं तर? पेट्रोल बहुतेक पंपांवर ९५ ऑक्टेनचंच मिळतं.

स्वतः असं इंजिन बांधलेल्यांनी कॅमची ड्युरेशन, लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो ते) आणि पिस्टनवर मऊ मातीचा गोळा ठेवून मोजलेलं व्हॉल्व्ह-पिस्टन अंतर कृपया सांगा. पिस्टनची ऑर्डर त्यावरच अडलीय.