नौदलाच्या अमली पदार्थविरोधी कारवायांसाठी लघुउद्योगाला साहित्य पुरवता येईल का?

भोसरीकर:
नमस्कार. भोसरीत आमचा छोटा कारखाना असून रासायनिक कंपन्यांसाठी आम्ही फ्लेमप्रूफ, म्हणजे ज्वालाग्राही वायूतही सुरक्षित राहणारे, दिवे आणि नळीत सोडून आतली तपासणी करता येईल असे लवचिक कॅमेरे बनवतो. ३१ मार्च २०२५ रोजी नौदलाच्या आयएनएस तर्कश या युद्धनौकेने पश्चिम हिंदी महासागरात एका गलबतावरून २,३८६ किलो हशीश आणि १२१ किलो हेरॉइन पकडले, त्या बातम्यांमध्ये विमान, हेलिकॉप्टर आणि नौदलाचे मार्कोस कमांडो यांचाच उल्लेख होता. अशा कामात आमच्यासारख्यांच्या मालाला जागा आहे का?

माजी नौसैनिक:
मी तर्कशवर नव्हतो, परंतु गलबतांच्या झडत्या घेतल्या आहेत. पी-८आय विमान संशयित बोट हेरते, युद्धनौका तिला अडवते आणि कमांडो ती ताब्यात घेतात. हे सारे झाले तरी माल हाती लागलेला नसतो. तो मासळीच्या कप्प्यात बर्फाखाली, डिझेलच्या टाकीमागे किंवा खोट्या फळीआड असतो आणि तो शोधणे ही निव्वळ हमाली आहे. दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून आम्ही बॅटरी दातांत धरून वाकत असू. कुजलेल्या मासळीमुळे बंद कप्प्यात विषारी वायू साचतो आणि प्राणवायू कमी पडतो, त्यामुळे वायुमापक लावल्याशिवाय आत उतरू नये असा दंडक आहे. तेव्हा तुमच्या दोन्ही वस्तू उपयोगाच्या आहेत, मात्र ओल्या हातमोज्यांनी बटण दाबता आले पाहिजे.

निविदाग्रस्त:
उपयोग असणे आणि खरेदी होणे यांत बरेच अंतर आहे. विमाने-जहाजांची खरेदी भांडवली खर्चातून होते, तर तुमचा माल बहुधा महसुली, म्हणजे नेहमीच्या चालू, खर्चात मोडेल, म्हणून आधी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर नोंदणी करावी. वस्तू खरोखर नवी असेल तर २०१८ पासून चालू असलेल्या आयडेक्स या संरक्षण क्षेत्रातील नवकल्पनांसाठीच्या सरकारी योजनेकडेही पाहावे. जेएसएस ५५५५५ या लष्करी मानकातल्या चाचण्या, विशेषतः खाऱ्या तुषारांची, हलक्यात घेऊ नका. आमचा दिवा उंचावरून पाडूनही शाबूत राहिला आणि स्विचमधल्या दीड रुपयाच्या स्प्रिंगला गंज चढल्यामुळे नापास झाला! शिवाय बिलाचे पैसे येईपर्यंत खेळते भांडवल पुरेल, एवढीच ऑर्डर घ्यावी.

वकिलीण:
कॅमेऱ्याबाबत एक भर घालते. तर्कश बहुराष्ट्रीय सागरी दलाच्या टास्क फोर्स १५० साठी काम करत होती. या दलाच्या कारवायांत पकडलेला माल सहसा नष्ट केला जातो आणि खलाशांवर खटला भरला जात नाही, त्यामुळे तिथे चित्रणाचे महत्त्व मर्यादित आहे. याउलट नौदल किंवा तटरक्षक दल आणि अमली पदार्थ नियंत्रण विभाग, म्हणजे एनसीबी, यांच्या कारवाईतून भारतात खटला उभा राहतो, तेव्हा एनडीपीएस या अमली पदार्थविषयक कायदा, १९८५ च्या कलम ५२अ नुसार मालाची यादी, छायाचित्रे आणि नमुने दंडाधिकाऱ्यांकडून प्रमाणित करून घ्यावे लागतात. तो माल कोणत्या कप्प्यातून आणि किती वाजता निघाला, हे चित्रणात दिसले तर सरकारी पक्षाचे काम सोपे होते. म्हणून चित्रणावर वेळ आपोआप उमटावी आणि ती नंतर बदलता येऊ नये, अशी सोय करावी.

भोसरीकर:
सर्वांचे आभार. आमच्या कॅमेऱ्यात वेळ उमटते, पण ती कोणालाही बदलता येते. ते आधी दुरुस्त करतो. स्प्रिंगही आजच तपासायला काढली आहे. नौसैनिक साहेब, कप्प्याच्या तोंडापासून तळापर्यंत केबल साधारण किती मीटर लागेल?

माजी नौसैनिक:
गलबतागणिक ते बदलते, तरी दहा मीटरपेक्षा कमी ठेवू नका. आणि केबल काळी नको, पिवळी करा, अंधारात काळीच पायात अडकते.