चिनी शेजारणीने जास्वंदीच्या पानांची पूड दिली आहे, कशी लावायची? (मदत हवी आहे, लवकर)

पाऊसवेडी
नमस्कार. आम्ही चेंगडूला राहतो. शेजारच्या आजींनी मला कागदाच्या पुडीत हिरवट करड्या रंगाची पूड दिली आहे. पुडीवर हाताने चिनी अक्षरं लिहिली आहेत. फोनवर भाषांतर केलं तर एकदा जास्वंद येतं आणि एकदा कमळाचं पान. आजींनी खुणांनी सांगितलं की मधात कालवायची आणि कडेकडेने लावायची, मधला भाग मोकळा ठेवायचा. मला चिनी जेमतेम येतं, नवरा कामासाठी शेन्झेनला गेलाय, परवा येईल.
चिनी वैद्यकात जास्वंद वापरतात का? कोणी लावून पाहिलंय का? किती वेळ ठेवायचं? मला आज रात्रीच लावायचं आहे, फार दुखतंय.

तिखटमीठ
जास्वंद वापरतात का काय विचारतेस, आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या वापरतात! दहा-बारा लाल फुलं, मूठभर पानं, थोडा माका, अर्धा लिटर खोबरेल. लोखंडी कढईत मंद आचेवर, फुलं कुरकुरीत होईपर्यंत. गार झालं की गाळून बाटलीत भर. माझ्या मुलीचे बाळंतपणानंतर केस मुठीमुठीने जात होते, चार महिन्यांत फरक पडला. पूड असेल तर दह्यात भिजवून केसांच्या मुळांना लाव, अर्ध्या तासाने धू. मध केसांना लावू नकोस, चिकट होतो.

पाऊसवेडी
ताई, केसांसाठी नाही. सुजेवर लावायचा लेप आहे.

शांघायकर
सूज कुठे आहे? कशाने आली? पडलात, चावलं, गळू आहे? किती दिवस झाले? पुडीवर किती अक्षरं आहेत? तीन असतील तर वाचून दाखवायला कोणालाही सांगा, उच्चार इथे लिहा.
मी नऊ वर्षं शांघायला होतो. तिथे जास्वंदीच्या कुळातल्या दुसऱ्या एका झाडाची साल औषधाच्या दुकानात मिळते, मूजिनची. साल दारूत भिजवून गजकर्णावर लावतात. मला पायाच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्या होत्या, त्यावर लावली, उतार पडला. पण घेताना नाव दोनदा तपासा. जवळपास त्याच नावाची आणखी एक साल मिळते, ती सूचिपर्णी झाडाची असते. तीही नायट्यावरच लावतात, पण विषारी आहे, पोटात जाता कामा नये. दुकानदारही कधी कधी घोळ घालतात.

पाऊसवेडी
साल नाही, पूड आहे. गजकर्ण नाही. अक्षरं तीनच आहेत. खालच्या मजल्यावरच्या मुलाने वाचलं, 'फूरोंग ये' असं काहीतरी. कोणी फक्त एवढं सांगाल का की किती वेळ ठेवायचं?

रानवाटा
फूरोंग ये म्हणजे फूरोंगची पानं. आता कोडं सुटलं. ही आपली जास्वंद नाही.
जुन्या चिनीत फूरोंग म्हणजे कमळ. कमळासारखं फूल झाडावर येतं म्हणून या झाडाला 'मू फूरोंग' म्हणाले, म्हणजे झाडावरचं कमळ. म्हणून तुमचा फोन एकदा कमळ सांगतो आणि एकदा जास्वंद. बंगालीत याच झाडाला स्थलपद्म म्हणतात, दोन्ही भाषांत अगदी तीच कल्पना. कूळ जास्वंदीचंच, पण झाड वेगळं. पानं मोठी, भेंडीच्या पानासारखी कातरलेली, लव असलेली. फूल सकाळी पांढरं उमलतं, दुपारी गुलाबी होतं आणि संध्याकाळी गडद लाल होऊन मिटतं. रंगद्रव्य दिवसभरात पाकळीत साठत जातं म्हणून.
आणि तुम्ही तर या फुलाच्या गावातच राहता! दहाव्या शतकात उत्तरकालीन शू राज्याचा राजा मंग चांग याने चेंगडूच्या तटावर हीच झाडं लावून घेतली, म्हणून शहराला रोंगचंग, फूरोंगचं शहर, हे नाव पडलं. 1983 पासून ते शहराचं अधिकृत फूल आहे. तुमच्या आजींनी पानं बहुधा घराजवळच्या झाडाचीच वाळवली असतील.

मुळारस
रानवाटा, 'आपली जास्वंद नाही' म्हणून एकदम हात झटकू नका. चिनी वैद्यकात आपली जास्वंदही आहे, फूसांग किंवा झूजिन या नावाने. दक्षिण चीनमध्ये कुंपणाला सर्रास असते, नान्निंग शहराचं ते फूल आहे. लिनियसने 1753 मध्ये जास्वंदीला शास्त्रीय नाव दिलं तेच मुळी 'चीनचा गुलाब' या अर्थाचं. ली शिचनच्या 'बन्त्साओ गांगमू'मध्ये, म्हणजे 1578 मध्ये लिहून झालेल्या आणि 1596 मध्ये नानजिंगला छापलेल्या त्या प्रचंड औषधीकोशात, गळवावर आणि गालगुंडावर लेप दिलाय: फूसांगचं पान किंवा फूल, पांढऱ्या फूरोंगचं पान, बर्डॉकचं पान आणि मध एकत्र वाटून लावायचं. म्हणजे जास्वंद आणि फूरोंग एकाच लेपात बसतात. दोन्ही थंड गुणाची, दाह उतरवणारी.

रानवाटा
एका लेपात बसतात म्हणजे एक होत नाहीत. आले-लसूण एका वाटणात असतात म्हणून आल्याला लसूण म्हणाल का? फूसांगचं फूल मुख्यतः 'फुप्फुसातली उष्णता' कमी करायला, खोकला, कफ, घोळणा फुटणं यासाठी सांगतात. मूजिनचं फूल जुलाबात रक्त पडत असेल तर. आणि सूज, गळू, भाजणं यांवर बाहेरून लावायला फूरोंगचं पान. चीनच्या सरकारी औषधसंहितेत फूरोंगच्या पानाची स्वतंत्र नोंद आहे. परक्या ठिकाणी एकटी बाई विचारते आहे, तिला नेमकं झाड कळायला हवं. ती उद्या बाजारातून भलतंच घेऊन येईल.

मुळारस
नेमकेपणाला माझा विरोध नाही. पण 'मधला भाग मोकळा ठेवा' हे आजींनी सांगितलं ना, ते ऐकून मला भरून आलं. ली शिचनने फूरोंगच्या पानाच्या 'थंडाव्याच्या मलमा'बद्दल हेच लिहिलंय: पान, फूल किंवा मुळाची साल ओली वाटावी किंवा वाळवून पूड करावी, मधात कालवून सुजेच्या चारी बाजूंनी लावावी, मध्ये तोंड सोडावं, वाळलं की बदलावं. सव्वाचारशे वर्षांपूर्वीची कृती एक आजी आज खुणांनी सांगते आहे. पाऊसवेडी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच: वाळेपर्यंत ठेवायचं, मग धुऊन नवा लेप.

अंबाडीप्रेमी
मी तैवानमध्ये राहते. इथे जास्वंदीच्या कुळातली खरी राणी म्हणजे ल्वोशनह्वा, आपली लाल अंबाडी. ताइदुंगकडे शेतं आहेत. फूल म्हणून विकतात ते खरं तर बोंडाभोवतीचे लाल मांसल संदल, म्हणजे फुलाखालची पाकळ्यांसारखी दलं, असतात. आलुबुखारासारखी आंबट सुकवलेली फळं घालून करतात त्या सुआनमेइतांग सरबतातही बरेच जण घालतात. ही मूळची आफ्रिकेची, त्यामुळे जुन्या चिनी ग्रंथांत शोधू नका. रक्तदाब थोडा उतरतो असं प्रयोगांत दिसलंय, माझ्या सासऱ्यांचा उतरला, पण गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच. चार-पाच सुकी बोंडं, उकळतं पाणी, गूळ. सूज असेल तर पोटातूनही थंडावा हवाच ना?

शांघायकर
अहो, ती दुखतंय म्हणतेय आणि आपण सरबतावर आलो. पाऊसवेडी, तुम्ही अजून सांगितलं नाहीत. सूज कुठे? ताप आहे का?

पाऊसवेडी
सॉरी, ते लिहायचं राहिलं. छातीला आहे. उजव्या बाजूला गाठ बसल्यासारखं, वरचा भाग लाल आणि गरम. दूध साकळलंय असं आई फोनवर म्हणाली, तिने गरम शेक आणि जोरात चोळायला सांगितलं. काल चोळलं, आज जास्त दुखतंय. ताप दुपारी 38.6 होता, थंडी वाजतेय. बाळ सात आठवड्यांचं आहे.
मध घरात नाही, खालून आणायचा आहे. कोणता आणू?

डॉक्टरीण
कोणताच आणू नकोस. हे सगळ्यात आधी वाच.
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. बाळ सात आठवड्यांचं आहे आणि तू छातीला मध लावणार आहेस. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटात मध अजिबात जाता कामा नये. मधात बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्या बाळाच्या रुजू शकतात आणि त्यांच्या विषाने बाळाचे स्नायू लुळे पडतात. पुसून पाजलं तरी त्वचेच्या घडीत राहिलेला थेंब बाळाच्या तोंडात जाऊ शकतो. मध उकळूनही बीजाणू मरत नाहीत.
दुसरं: तू सांगतेस ती लक्षणं स्तनदाहाची आहेत. ताप, थंडी, लाल गरम पट्टा. आज रात्रीच दवाखान्यात जा, परवाची वाट बघू नकोस. गळू झालंय का ते सोनोग्राफीत कळेल. झालं असेल तर पू काढावा लागतो, तिथे कुठलाच लेप पुरा पडत नाही.
तोवर जोरात चोळू नकोस, गरम शेक नको. आतल्या नाजूक नळ्यांना सूज असते, चोळून ती वाढते. रुमालात गुंडाळून बर्फ लाव. आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल अंगावर पाजत असताना चालतं, त्याची ॲलर्जी किंवा पोटाचा त्रास नसेल तर. पाजणं थांबवू नकोस, त्या बाजूचंही. बाळाला त्या दुधाने काही होत नाही.
तुला आधी कुठल्या औषधाची ॲलर्जी आली आहे का? नॉर्मल बाळंतपण की सिझेरियन? तिथे दाखवताना सांगशील.

तिखटमीठ
अगं बाई, तू बाळंतीण आहेस हे आधी सांगायचं नाही का! मी केसांचं लिहीत बसले. एकटी आहेस का घरात? बाळाजवळ कोण आहे?

मुळारस
मधाचं मला सुचायला हवं होतं, विचार न करता 'वाळेपर्यंत ठेवा' लिहून गेलो. माझा वरचा सल्ला या बाबतीत कोणी वापरू नये. एवढं मात्र सांगावंसं वाटतं की आजींनी चुकीचं झाड दिलेलं नाही. स्तनदाहावर बाहेरून फूरोंगचं पान आणि पोटातून डँडेलियनचा काढा, हा चिनी वैद्यांचा जुना मार्ग आहे. पूड वॅसलीनमध्ये कालवलेलं मलमही करतात, त्यात मध लागत नाही.

डॉक्टरीण
मुळारस, झाडाबद्दल मी वाद घालत नाही. पण आज नको. पूड घरी वाळवलेली, तिच्यात माती, बुरशी काय आहे माहीत नाही, आणि बाळ तिथेच तोंड लावणार. काढाही तिथल्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय नको. आणि लेपाने थंड वाटून बाई दोन दिवस घरी थांबते, तेवढ्यात गळू होतं. हे मी पाहिलंय.

शांघायकर
चीनमध्ये रुग्णवाहिकेचा नंबर 120. पण टॅक्सी पटकन मिळेल. त्या आजींनाच सोबत घ्या! पुडीही बरोबर न्या, डॉक्टरला अक्षरं वाचता येतील. पासपोर्ट घ्या, नोंदणीच्या खिडकीवर मागतात.

अंबाडीप्रेमी
माझं सरबतही आत्ता राहू दे. इथल्या बायका बाळंतिणीला महिनाभर थंड गुणाचं काही देत नाहीत, अगदी आपल्यासारखंच. मी न वाचता लिहिलं.

पाऊसवेडी
निघतेय. आजी येतायत. बाळ बरोबर.

तिखटमीठ
पोचलीस की लिही. कितीही वाजले तरी.

पाऊसवेडी
आत्ता घरी आले, पहाटेचे अडीच वाजलेत. सोनोग्राफी केली. गळू नाही, स्तनदाह आहे. प्रतिजैविक दिलंय, पाजताना चालणारं. अठ्ठेचाळीस तासांत ताप उतरला नाही तर परत बोलावलंय. पाजणं चालू ठेवा म्हणाल्या.
डॉक्टर बाईंनी पुडी उघडून वास घेतला, लगेच ओळखली. आजींशी बराच वेळ बोलल्या. नंतर भाषांतर करून मला दाखवलं: पान बरोबर आहे, पण पाजत्या आईला मध नको, आणि आधी गोळ्या. आजींना फार वाईट वाटलं. मी त्यांचा हात धरून ठेवला, दुसरं काय करणार, बोलता तर येत नाही. चार तास बाळ त्यांच्याच मांडीवर झोपलं होतं.
डॉक्टरीण, तुम्ही लिहिलं नसतं तर मी मध आणायला खाली उतरलेच होते. सगळ्यांचे आभार. आजींना 'तुमची चूक नाही' हे चिनीत कसं म्हणायचं, शांघायकर?

शांघायकर
'बू शी नी द त्स्वो.' आजींना मानाने म्हणायचं तर 'नी'च्या जागी 'निन'. हळू म्हणा, समजेल त्यांना.

डॉक्टरीण
फार बरं वाटलं. बरं वाटायला लागलं तरी गोळ्यांचा कोर्स पूर्ण कर. उद्या संध्याकाळी ताप किती ते इथे लिही.

तिखटमीठ
बरी झालीस की आजींना बेसनाचे लाडू करून दे. तिकडे बेसन मिळतं का?

अंबाडीप्रेमी
चण्याचं पीठ ऑनलाइन मिळेल. नाहीतर तांदळाच्या पिठीच्या चकल्या.

रानवाटा
पाऊसवेडी, बरं वाटलं की ऑक्टोबरात त्याच झाडाचा सकाळचा आणि संध्याकाळचा, असे दोन फोटो टाकाल का? मी हे फूल फक्त हर्बेरियममध्ये पाहिलंय, वाळलेलं, तपकिरी.

मुळारस
रानवाटा, कोकणात लागेल का हे? माझ्याकडे विहिरीजवळ ओल असते.

रानवाटा
लागेल. फांदी लावून येतं, जास्वंदीसारखंच. बोटाएवढी जाड फांदी घ्या, पावसाळ्याच्या सुरुवातीला लावा. पिठ्या ढेकणावर लक्ष ठेवा.

पाऊसवेडी
संध्याकाळचा ताप 37.4. आजी सकाळी येऊन गेल्या. भाताची पेज आणली होती. मी ते वाक्य म्हटलं. त्यांनी माझा उच्चार दोनदा दुरुस्त केला.