महागडा अ‍ॅम्प्लिफायर खरंच जास्त चांगला वाजतो का?

खाडीकाठ (गुहागर):
नमस्कार मंडळी. घर समुद्रापासून जेमतेम अर्धा किलोमीटर. माजघर १२ बाय १५ फूट, भिंती जांभ्याच्या, आतून गिलावा, वर कौलं, खाली लाद्या. स्पीकर बुकशेल्फ प्रकारचे, ८ ओहम, सेन्सिटिव्हिटी ८७ डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप). बसायची जागा ३ मीटरवर. ऐकणं मुख्यतः नाट्यसंगीत आणि भजनं.

सध्या टीपीए ३११६ चिपचा छोटा क्लास डी अ‍ॅम्प आहे, १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर. खोक्यावर १०० वॅट लिहिलंय, पण वरच्या पट्टीतली तान आली की आवाज चिरकतो. एक जुना ४० वॅटचा ट्रान्सफॉर्मरवाला स्टिरिओ अ‍ॅम्पही आहे. त्याचा डावा चॅनल हळू आवाजात गायब होतो, आवाज वाढवला की परत येतो.

दुकानदार म्हणतात ८० हजारांचा घ्या, जमीन-अस्मानाचा फरक पडेल. १५ हजारांचाही एक पाहिलाय. ६५ हजार जास्त मोजल्यावर कानाला काय मिळेल, ते नेमकं सांगा.

सोल्डर (चिपळूण):
आधी हिशेब करू, खरेदीचं नंतर.

८७ डीबी म्हणजे १ वॅटला १ मीटरवर ८७. घरातल्या खोलीत ३ मीटरवर साधारण ७ डीबी कमी होतात, दोन स्पीकर असल्यामुळे ३ परत मिळतात. म्हणजे प्रत्येकी १ वॅटला तुमच्या कानाशी ८३. सरासरी ८० डीबीवर ऐकलंत तरी तबल्याची थाप, झांज, वरचा सा हे १५ डीबी वर उडी मारतात, म्हणजे ९५ लागतात. १२ डीबी वाढवायला वॅट १६ पट. तुम्हाला प्रत्येक चॅनलला १६ खरे वॅट हवेत.

आता तुमचा अ‍ॅम्प. १२ व्होल्टवर ही चिप ८ ओहमला जेमतेम ८ वॅट देते. पुरवठ्याच्या व्होल्टेजपलीकडे ती जाऊच शकत नाही. खोक्यावरचे १०० वॅट या अडॅप्टरवर निघणं शक्यच नाही. तानेला आवाज चिरकतो कारण लाटेचा माथा कापला जातोय, आणि असं फार दिवस चाललं तर ट्वीटर (बारीक सुरांचा छोटा स्पीकर) जळू शकतो.

लॅपटॉपचा १९ व्होल्ट, ४.७४ अँपिअरचा अडॅप्टर जोडलात तर ८ ओहमला सुमारे २० वॅट मिळतात. त्याआधी बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरवर काय छापलंय ते बघा. २५ किंवा ३५ व्होल्ट असेल तर १९ चालेल, १६ असेल तर अजिबात जोडू नका, फुगून फुटेल. पिनची आतली बाजू प्लस आहे ना, तेही मीटरने तपासा.

पडद्याआड (रत्नागिरी):
मूळ प्रश्नावर बोलतो. दोन्ही अ‍ॅम्प नीट बनवलेले असतील, ताकदीच्या मर्यादेत वाजत असतील आणि आवाजाची पातळी तंतोतंत सारखी असेल, तर न बघता ते ओळखणं बहुतेकांना जमत नाही. अमेरिकेतल्या स्टिरिओ रिव्ह्यू मासिकाने १९८७ मध्ये अशी चाचणी छापली होती. २२० डॉलरच्या रिसीव्हरपासून (रेडिओसकट येणारा अ‍ॅम्प) १२,००० डॉलरच्या व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) जोडीपर्यंत सहा अ‍ॅम्प, ऐकणारे २५. बरोबर उत्तरं निम्म्याच्या आसपास, म्हणजे छापा-काट्याइतकीच.

दुकानात फरक ऐकू येतो तो बहुधा पातळीचा. अर्धा-एक डीबी मोठा असेल तर कान त्याला ‘मोठा’ म्हणत नाही, ‘स्वच्छ’ म्हणतो. घरी १५ हजारवाला चार दिवस मागून आणा आणि असं करा:

फोनवरून १०० हर्ट्झचा सूर लावा. स्पीकर जोडलेला ठेवून त्याच्या टर्मिनलवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा. एका अ‍ॅम्पवर १ व्होल्ट येईल असा आवाज ठेवा, दुसऱ्यावरही ०.९९ ते १.०१ च्या आत आणा. फरक ०.१ डीबीच्या आत राहतो. डावा-उजवा दोन्ही मोजा. टोन, लाउडनेस, बास बूस्ट सगळं बंद. मग दुसऱ्या माणसाने पडद्यामागे नाणं उडवून तारा बदलायच्या. १६ फेऱ्या, तेच ३० सेकंदांचं पद. १२ किंवा जास्त बरोबर आली तर फरक खरा धरा. ९-१० बरोबर येणं नुसत्या नशिबाने सहज जमतं.

एक धोका आहे. अ‍ॅम्प बदलायच्या स्वस्त स्विचबॉक्समध्ये सगळ्यांचं मायनस एकत्र केलेलं असतं. तुमच्या ३११६ मध्ये मायनसही चालू आउटपुट असतं, अर्थ (ग्राउंड) नव्हे. असा बॉक्स लावलात तर चिप तिथेच जाऊ शकते. बनाना प्लग लावून हाताने तारा बदला, दोन्ही अ‍ॅम्प बंद करून.

नळीवाला (वेंगुर्ला):
वरचं मान्य, पण ‘सगळे अ‍ॅम्प सारखे’ इतकं सरसकट म्हणू नका. फरक कुठे पडतो ते आकड्यात सांगतो.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स (आतला विजेचा रोध) २ ओहमपर्यंत जातो. स्पीकर कागदावर ८ ओहम असला तरी प्रत्यक्षात कुठे ४, कुठे २० असतो. मग ४ ओहमच्या जागी आवाज ३.५ डीबी पडतो आणि २० ओहमच्या जागी ०.८. म्हणजे २.७ डीबीचा चढउतार, जो कुणालाही ऐकू येईल. काहींना तो गोड लागतो, मलाही लागतो, पण तो अ‍ॅम्प-स्पीकर जोडीचा रंग आहे, किमतीचा नव्हे. साध्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमध्ये हाच फरक ०.१५ डीबीसुद्धा नसतो.

दुसरं, स्पीकर ८३-८४ डीबीचा आणि इम्पीडन्स मध्येच ३ ओहमला उतरणारा असेल तर स्वस्त अ‍ॅम्प गरम होऊन प्रोटेक्शनला जातो, म्हणजे स्वतःहून बंद पडतो. तिथे मोठा ट्रान्सफॉर्मर आणि जाड हीटसिंकला पैसे मोजावेच लागतात. तुमचे स्पीकर तसे नाहीत.

तिसरं, स्वस्त व्हॉल्यूम पॉट (आवाजाची फिरती कळ). पहिल्या पाव फेऱ्यात डावा-उजवा एक-दोन डीबीने जुळत नाही, गायक मध्यावरून एका बाजूला सरकतो. अ‍ॅम्पचा आवाज अर्ध्यापर्यंत ठेवा आणि फोनवरून कमी करा, सुटेल.

खाडीकाठ:
आभारी आहे. कपॅसिटरवर ३५ व्होल्ट छापलंय, म्हणजे अडॅप्टर बदलता येईल. जुन्या अ‍ॅम्पचं काय करावं?

मतलई (मालवण):
जुना अ‍ॅम्प टाकू नका. हळू आवाजात जाणारा आणि मोठा केल्यावर येणारा चॅनल म्हणजे बहुतेक वेळा स्पीकर प्रोटेक्शन रिले, म्हणजे स्पीकर जोडणारा-तोडणारा विजेवरचा स्विच. त्याचे संपर्क गाणं सुरू व्हायच्या आधी, काहीही करंट नसताना मिटतात, त्यामुळे घासून-जळून साफ होत नाहीत. आपल्याकडे खारी हवा, वर चार महिने ओल. संपर्कावर पातळ काळा थर बसतो. हळू आवाजाचे काही मिलिव्होल्ट त्यातून जात नाहीत, मोठा केला की थर तुटतो आणि आवाज येतो.

खात्री करून घ्या. डावी-उजवी इनपुट तार अदलाबदल करा. बिघाड उजवीकडे गेला तर तार किंवा फोन, डावीकडेच राहिला तर अ‍ॅम्प. मग व्हॉल्यूम पॉट आणि स्पीकर ए-बी स्विच (स्पीकरची जोडी निवडायचा) २०-३० वेळा फिरवा. फरक नसेल तर अ‍ॅम्प उघडा आणि चालू असताना प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरची मूठ रिलेच्या खोक्यावर हलके टिचकवा. चॅनल आला-गेला तर चोर सापडला.

रिले पॉलिश पेपरने घासू नका. चांदीचा मुलामा निघतो आणि दोन महिन्यांत पुन्हा तेच. सीलबंद नवीन रिले बसवा. बदलताना प्लग काढा, मोठ्या कपॅसिटरवर १०० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर काही सेकंद धरा, मीटरवर २ व्होल्टच्या खाली आल्यावरच हात घाला.

किनाऱ्यावर अ‍ॅम्प टिकवायचा तर किंमत नव्हे, या गोष्टी बघा. पावसात दर दोन-तीन दिवसांनी तासभर चालू ठेवा, त्याच्याच उबेने आतली ओल निघते. गरम असताना प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, आत घाम धरतो. समुद्राकडच्या खिडकीखाली तर ठेवूच नका. स्पीकरच्या तारेचं टोक काळं किंवा हिरवं पडलं असेल तर लखलखीत तांबं दिसेपर्यंत कापा. तार दीड चौरस मिलिमीटरची पुरते, ५ मीटर अंतराला जाऊन-येऊन ०.१३ ओहम होतात, ८ ओहमपुढे काहीच नाहीत.

व्होल्टेजही धरा. २३० ऐवजी १८० आले तर ट्रान्सफॉर्मरवाल्या अ‍ॅम्पची ताकद ६१ टक्क्यांवर येते. तुमचे ४० वॅट २५ होतील, तरी लागणाऱ्या १६ पेक्षा जास्तच. विजा सुरू झाल्या की प्लग आणि केबलची तार दोन्ही काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. जांभ्यात उन्हाळ्यात जमीन ठणठणीत कोरडी होते, अर्थिंग कमजोर पडतं. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला. न्यूट्रल आणि अर्थमध्ये ५ व्होल्टच्या वर दिसलं तर वायरमनला बोलवा. घुंई आवाज घालवायला अर्थची पिन काढायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, जिवाशी खेळ आहे.

सोल्डर:
खोलीबद्दल एक. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, तिथे ४७ हर्ट्झ घुमणार. स्पीकर कोपऱ्यातून काढा, मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणा. लादीवर सतरंजी, समोरच्या भिंतीला जाड गोधडी. यातून पडणारा फरक कुठल्याही दोन अ‍ॅम्पमधल्या फरकापेक्षा मोठा आहे, आणि तो १६ पैकी १६ वेळा ओळखू येईल.

खाडीकाठ:
टिचकवल्यावर डावा चॅनल आला. रिलेला ८ पाय आहेत, वर २४ व्हीडीसी (व्होल्ट डीसी) लिहिलंय. २४ व्होल्टचा कुठलाही चालेल?

मतलई:
नुसतं २४ बघून घेऊ नका. ८ पाय म्हणजे दोन पाय कॉइलचे (रिले ओढणारी तारेची गुंडाळी), सहा पाय संपर्कांचे. पायांचं अंतर जुळलं पाहिजे आणि संपर्क किमान ५ अँपिअरचे हवेत. मुख्य म्हणजे जुन्याच्या कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये कॉइलला ३५-४० व्होल्टवरून मध्ये रेझिस्टर घालून पुरवठा दिलेला असतो. नव्या कॉइलचे ओहम फार वेगळे निघाले तर रिले एकतर ओढणारच नाही, नाहीतर तापत राहील. ते ओहम इथे लिहा, मग पुढचं सांगतो.