मदत हवी आहे: चहाचे मग, मॅग्नेट, पिशव्यांवर छापायच्या चित्रांचा दर कसा सांगायचा?

रेघोटी

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरची. जी. डी. आर्ट झाल्यापासून ऑर्डरची चित्रं करते, बहुतेक व्यक्तिचित्रं आणि वास्तुशांतीला वगैरे भेट द्यायची चित्रं. त्यांचा दर बसलेला आहे: ए-थ्री जलरंग ४,००० रुपये, फ्रेम वेगळी. चित्र दिलं, पैसे आले, विषय संपला.

आता मालवणच्या एका दुकानदारांनी सहा डिजिटल चित्रं मागितली आहेत. सिंधुदुर्ग किल्ला, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणारी माणसं, दशावतारातला राजा, माशांचा लिलाव, बांगड्याचं ताट आणि एक नुसती होडी. २०२५ मध्ये किल्ला जागतिक वारसा यादीत गेल्यापासून गिऱ्हाईक 'किल्ल्याचं काहीतरी' मागतं म्हणे. पहिल्या खेपेला ३०० मग (विक्री ३०० रुपयांना), ५०० फ्रिज मॅग्नेट (८० ला) आणि २०० कापडी पिशव्या (२५० ला).

त्यांचा प्रस्ताव असा: चित्राला १,५००, सहाचे ९,०००, ओपन फाइल (जिच्यात चित्राचे भाग सुटे करून बदलता येतात ती मूळ फाइल) द्यायची आणि चित्रं कायमची त्यांची. माणूस बोलायला गोड आहे, पैसे बुडवेल असं वाटत नाही. पण मला एका चित्राला दोन दिवस लागतात, दुरुस्त्या वेगळ्याच. एकरकमी घ्यावेत की नगामागे? नगामागे तर किती? आणि ओपन फाइल द्यायची असते का? सोमवारपर्यंत आकडा कळवायचा आहे.

कुंचला_आणि_चहा

रेघोटी, आधी हिशोब मांडू. सहा चित्रांचे बारा दिवस, दुरुस्त्या आणि फोनाफोनीचे तीन. पंधरा दिवस. दिवसाचे २,००० धरलेस (हे काही जास्त नाहीत) तर ३०,०००. आता त्यांची बाजू बघ. मगांचे ९०,०००, मॅग्नेटचे ४०,०००, पिशव्यांचे ५०,०००. पहिली खेप पूर्ण विकली तर गल्ल्यात १,८०,०००. त्यातून वस्तू, छपाई, जागेचं भाडं जायचं. म्हणजे ३०,००० ऐकून ते दचकतील, आणि त्यांचं अगदीच चूक नसेल.

पण ९,००० म्हणजे पहिल्या खेपेच्या पाच टक्के. दुसरी खेप छापली की अडीच, चौथीला सव्वा टक्का. मालवणात हाच मग पाच वर्षं विकला जाईल आणि तुला त्यातलं काही नाही.

मी अशा कामात मेहनताना वेगळा आणि छापायच्या परवानगीचे पैसे वेगळे लावते. इथे मेहनताना १८,००० आणि विक्री किमतीवर ६ टक्के सांगेन. पहिल्या खेपेचे १०,८००, म्हणजे एकूण २८,८००. खप झाला नाही तर त्यांचं ओझं हलकं, झाला तर दोघांचं भलं. तुझा वास्तुशांतीचा दर इथे लावू नकोस. ते चित्र एका भिंतीवर जातं, हे हजार घरांत जाणार आहे.

टिंग्या७

एवढा विचार कशाला? ९ हजार मिळतायत तर घ्या. नाही म्हणालात तर तो एआयकडून फुकटात काढून घेईल.

कुंचला_आणि_चहा

घेऊ दे की. एआयच्या राजाच्या डोक्यावर कथकलीचा मुकुट आला, तर मालवणात पहिलं गिऱ्हाईकच हसेल.

वायंगणी

रेघोटीताई, मी मालवणचाच. टक्केवारीचा नाद सोडा असं स्पष्ट सांगतो. आमच्याकडे अर्धा धंदा रोखीत, किती मग विकले याची वही मागायला तुम्ही कोल्हापूरहून येणार का? सज्जन माणूसही मे महिन्याच्या गर्दीत विसरतो. जूनपासून किल्ल्याच्या होड्या बंद, दुकानावर ताडपत्री, मग हिशोब कोण करतो?

त्यापेक्षा विकल्यावर नको, छापतानाच घ्या. मगाला १५, पिशवीला १२, मॅग्नेटला ४. पहिल्या खेपेचे ४,५००, २,४०० आणि २,००० मिळून ८,९००. टक्केवारीपेक्षा थोडे कमी, पण आगाऊ आणि भांडणाशिवाय. पुढची खेप छापायची तर आधी पैसे, मग छपाईची फाइल. आमच्यात म्हणतत तसा, आधी लिवन घेवा, गजाली (गप्पा) मगे.

खिळेजुळारी

वायंगणी यांच्याशी सहमत. माझं छपाईचं युनिट आहे, म्हणून दोन गोष्टी, ज्यांचे पैसे चित्रकार हमखास सोडून देतात.

मगांची छपाई सब्लिमेशनने (कागदावरचा रंग उष्णतेने वस्तूवर उतरवून) होते, तिथे हवे तेवढे रंग चालतात. सुती पिशवीवर सब्लिमेशन बसत नाही, त्याला पॉलिस्टर लागतं. २०० पिशव्या म्हणजे बहुतेक स्क्रीन प्रिंटिंग (जाळीतून शाई दाबून छपाई), आणि तिथे प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन, म्हणजे जाळी. तुमचा आठ रंगांचा दशावतारी राजा पिशवीवर परवडणार नाही, तो एक-दोन रंगांत नव्याने बसवावा लागेल. 'जरा रंग कमी करून द्या' असा निरोप येईल, पण ते वेगळं चित्र आहे. त्याचे मूळ चित्राच्या निम्मे पैसे आत्ताच दरपत्रकात टाका. दुसरं, कॉम्प्युटरवर दिसणारा तो झगझगीत निळा समुद्र छापल्यावर मळतो. एक नमुना मग दुकानदाराच्या खर्चाने छापून घ्या आणि त्यावर होकार आला की मगच खेप.

ओपन फाइल आम्हाला लागत नाही. योग्य मापाची, ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) तयार फाइल पुरते. जो ओपन फाइल मागतो त्याला पुढे किल्ल्यावरची होडी उचलून टी-शर्टवर टाकायची असते.

काळा_कोट

सर्वसाधारण माहिती देतो, सल्ला समजू नये. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. चित्रकार हाच पहिला मालक, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच कलमातला अपवाद माहीत नसतो: मोबदला देऊन कोणी पेंटिंग किंवा पोर्ट्रेट काढून घेतलं आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक काम देणारा. डिजिटल चित्र त्यात बसतं का यावर वाद घालता येईल, पण ९ हजारांसाठी कोर्टात कोण जातं? एका पानावर लिहा की कॉपीराइट चित्रकाराचाच आणि दुकानाला फक्त या तीन वस्तूंवर छापायचा परवाना.

समजा हक्कच विकायचे ठरले, तरी कलम १९ प्रमाणे ते लेखी आणि सहीनिशी लागतं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत.

आणि उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवा, फुकट आहे. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांच्या पुढे लांबवता येत नाहीत. जीएसटीची काळजी वर्षाला २० लाखांची उलाढाल होईपर्यंत नको.

रेघोटी

सगळ्यांचे आभार, विशेषतः पिशवीचं. ते माझ्या डोक्यातच नव्हतं. काल दुकानदारांशी बोलले. मेहनताना १८,०००, निम्मे आगाऊ. दोनदा दुरुस्ती त्यातच, तिसरीपासून ५०० रुपये. नगामागचे पैसे वायंगणी यांच्या दराने, छापण्याआधी. पिशवीसाठी फक्त होडी आणि राजा दोन रंगांत, दोन्हींचे मिळून ३,०००. ओपन फाइल नाही.

ते १५,००० वर आले आहेत, मगाला १२ म्हणतात, बाकी मान्य. पण नवीनच काढलंय: हीच चित्रं तारकर्लीच्या किंवा देवगडच्या दुकानाला द्यायची नाहीत. मला पुढच्या वर्षी या चित्रांचंच कॅलेंडर करायचं होतं. काय करू?

कुंचला_आणि_चहा

१५,००० ला हो म्हण, मगाचे १५ सोडू नकोस. नवीन अट रास्त आहे, पण फुकट नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यापुरतं, दोन वर्षं, फक्त मग, मॅग्नेट आणि पिशव्या. कॅलेंडर आणि शुभेच्छापत्रं तुझी, असं स्पष्ट लिही. या बंधनाचे वेगळे ५,००० सांग.

वायंगणी

६ सांगा. ५ वर येतील.