घरात रांगतं बाळ: फिनाईल, अ‍ॅसिड, ब्लीच कुठे आणि कसं ठेवावं?

चौथा_मजला
घरात दहा महिन्यांचं बाळ आहे, आता धरून उभं राहतं. पांढरं फिनाईल दारावरच्या विक्रेत्याकडून पाच लिटरच्या कॅनमध्ये घेतो आणि रोजच्यासाठी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवतो. शिवाय संडासाचं अ‍ॅसिड, बेसिन तुंबल्यावर टाकायची पावडर, कपड्यांचं ब्लीच, डांबरगोळ्या. सगळं सिंकखाली. कामाच्या मावशींना हाताशी हवं, बाळाला नको. हे कसं जमवायचं? आणि पोटात गेलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची की दूध द्यायचं?

निळी_बादली
ती पाण्याची बाटली आजच फेका. बाकी सगळं नंतर. पांढऱ्या फिनाईलमध्ये पाणी पडलं की ते थेट ताकासारखं दिसतं. लहान मूल सोडाच, रात्री तहानेने उठलेलं मोठं माणूसही फसतं. शिवाय मूळ बाटलीवर घटक छापलेले असतात, डॉक्टरांना तेच हवे असतात. सुट्ट्या मालात काय आणि किती तीव्र आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. बाटलीबंद टॉयलेट क्लीनरमध्ये साधारण 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. दारावरच्या अ‍ॅसिडचा काही भरवसा नाही. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुट्ट्या अ‍ॅसिड विक्रीवर खरेदीदाराची नोंद, ओळखपत्र आणि 18 वर्षांची अट घातली, ती उगीच नाही.

सिंकखालचा कप्पा रिकामा करा. जमिनीपासून पाच फुटांवर, दाराला वरच्या बाजूने कडी असलेलं कपाट बघा. पण पाच लिटरचा कॅन तिथे चढवू नका, उतरवताना तोंडावर सांडतो. त्यापेक्षा अर्ध्या किंवा एक लिटरची लेबलवाली बाटली आणा.

दोन जागा सगळे विसरतात. फिनाईल मोजलेलं टोपण बाथरूमच्या कट्ट्यावर उपडं ठेवलं जातं, खाली थेंब साचतात आणि उभं राहणाऱ्या मुलाचा हात नेमका तिथे पोचतो. टोपण धुऊन लगेच बाटलीला लावायचं. दुसरी, पुसायच्या पाण्याची बादली. वितभर पाण्यातही बाळ बुडू शकतं. फरशी पुसून झाली की ती तत्काळ ओतायची.

क्षारपाणी
अ‍ॅसिड आणि ब्लीच शेजारी ठेवू नका, एकत्र तर कधीच वापरू नका. दिवाळीच्या साफसफाईत हमखास होतं: अ‍ॅसिडने डाग निघेना, म्हणून वरून ब्लीच किंवा टीसीएल (ब्लीचिंग) पावडर. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड, म्हणजे खाली बसून घासणाऱ्याच्या नाकाशीच साचतो. खोकला आला, डोळे चुरचुरले की सगळं टाकून बाहेर पडायचं, बाथरूम नंतर धुता येईल. धाप काही तासांनी वाढू शकते, म्हणून बरं वाटलं तरी लक्ष ठेवा.

तुंबलेल्या बेसिनची पावडर म्हणजे बहुधा कॉस्टिक सोडा. पाकिटावर लिहिलं असेल तेवढंच आणि गार पाणी. गरम पाण्याने ती उसळून तोंडावर येते. उरलेलं अर्धं पाकीट दुमडून ठेवू नका: पावसाळ्यात पावडर हवेतलं पाणी ओढते आणि पाकिटातून दाहक द्रव गळतो. ज्या फळीवर तो गळला ती निसरडी लागते, दिसत मात्र काही नाही.

रात्रपाळी
उलटी काढू नका. मिठाचं पाणी नाही, बोट घालणं नाही. अ‍ॅसिड-कॉस्टिक जाताना अन्ननलिका भाजतं, वर येताना पुन्हा भाजतं. रॉकेल किंवा थिनर असेल तर उलटीतून फुप्फुसात शिरतं, आणि धोका पोटापेक्षा तिथे जास्त. मिठाचं पाणी मुलाला स्वतःच विषारी ठरू शकतं.

दूध, तूप, लिंबू, कच्चं अंडंही नको. डांबरगोळी तर स्निग्ध पदार्थासोबत जास्त शोषली जाते. त्यातल्या नॅप्थलीनने काही मुलांच्या तांबड्या पेशी फुटतात. लघवी चहासारखी होते, कधी दोन-तीन दिवसांनी. कापराने झटके फार लवकर येऊ शकतात.

करायचं ते असं. तोंडातलं बोटाने हळूच काढा, ओल्या फडक्याने पुसा. भिजलेले कपडे काढून अंगावर पाणी सोडा. डोळ्यात गेलं तर पापणी उघडी धरून, तो डोळा खालच्या बाजूला ठेवून, नळाच्या धारेखाली किमान 15 मिनिटं धुवा. मग दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राला फोन: 1800 116 117, मोफत, चोवीस तास. वजन, वेळ, अंदाजे प्रमाण आणि लेबल सांगा. पाणी द्यायचं का, किती, हे त्यांनाच विचारा. धाप, लाळ गळणं, झटके, गुंगी यांपैकी काही दिसलं तर आधी 108. बाटली सोबत न्या.

ओठ-जीभ स्वच्छ दिसली म्हणून घरी थांबू नका. कॉस्टिकने तोंड न भाजताही अन्ननलिका भाजलेली असू शकते, आणि ती आक्रसल्याचं काही आठवड्यांनी घास अडकायला लागल्यावरच कळतं.

चौथा_मजला
बाटली टाकली, कपाट ठरवलं. मावशींना कुलूपकिल्ली द्यावी का?

निळी_बादली
कडी पुरेशी आहे, पण मूल स्टूल ओढायला लागलं की कुलूप लावा. बाटल्यांवर लाल चिकटपट्टी गुंडाळा म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही कळेल. आणि अ‍ॅसिड-ब्लीच एकत्र नको, हे मावशींना नीट समजावून सांगा. रोज तो वास त्यांच्याच नाकात जातो.